ब्रासमागे दहा रुपये

शेंदूरजनाघाटचे नाव निघते ते संत्र्याच्या कलमांसाठी. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून वाढवलेली इथली रोपे विदर्भात आणि विदर्भाबाहेरही जातात. वरूड तालुक्याला विदर्भाचे कॅलिफोर्निया म्हणायची रीत याच बागांवरून पडली. अशा गावातून खाणकामगारांच्या आरोग्यावर आणि सुरक्षेवर होणाऱ्या सरकारी खर्चाबद्दल लिहिणे कुणाला विषयांतर वाटेल. खाणी म्हटल्या की चंद्रपूर, वणी, उमरेड. मँगनीज म्हटले की रामटेक-तुमसरचा पट्टा. सातपुडा ओलांडून पांढुर्णा-सौसरच्या मराठी मुलखापलीकडे गेले की परासिया आणि जुन्नारदेवचा कोळसा. मधल्या आपल्या पट्ट्यात आहे तो काळा दगड, मुरूम आणि नदीची वाळू.

नेमके म्हणूनच हे इथून लिहायला हवे. सुरक्षेसाठीचा सरकारी पैसा आपल्या देशात खनिजाच्या किमतीमागे चालतो, माणसाच्या धोक्यामागे चालत नाही. कोळसा निघतो तिथे निधी, मंडळ, दवाखाना आणि चौकशी आयोग पोचतो. गिट्टी निघते तिथे पोचते ती रॉयल्टीची पावती. दोन्हीकडे सुरुंगाचे छिद्र पाडणारा माणूस धूळ मात्र सारखीच ओढतो.

खाणीतल्या जिवासाठी सरकारने पैसा मोजायचा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. 18 डिसेंबर 1936 रोजी बंगालमधल्या पोईडीह कोळसा खाणीत स्फोट होऊन 209 माणसे मेली. त्याआधीच्या दोन वर्षांतही झरियाच्या पट्ट्यात असेच स्फोट झाले होते. कोळसा काढून झाल्यावर जमिनीखाली पोकळ्या राहतात, छत खचते, आग लागते, वायू साठतो. त्या पोकळ्या वाळूने भरल्या तर माणसे वाचतात आणि उरलेला कोळसाही हाती येतो. पण वाळू आणायला, ती पाण्याबरोबर नळांतून खाली सोडायला पैसा लागतो आणि एकटा मालक तो खर्च करत नाही. म्हणून 1939 मध्ये कायदा झाला. कोळशाच्या प्रत्येक टनावर लहानसा कर बसला, त्यातून मंडळ उभे राहिले आणि भराव घालणाऱ्या खाणीला मदत मिळू लागली. 1952 आणि 1974 च्या कायद्यांनी हीच व्यवस्था पुढे नेली. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर तो कर गेला, तरी कोळसा मंत्रालयाची संवर्धन व सुरक्षेची योजना अर्थसंकल्पातून चालू राहिली. मदत कशासाठी, हे या योजनेत नेमके ठरलेले आहे. भराव घातला, त्याचे मोजमाप झाले, मग खर्चाचा काही भाग परत. काम आधी, पैसा नंतर. अनुदानाच्या आपल्या लांबलचक इतिहासात इतकी सरळ बांधणी मला फारशी दिसलेली नाही.

अर्थात योजना असूनही माणसे मेली. आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण सातपुड्यापलीकडचे आहे. 10 डिसेंबर 1954 रोजी परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसले आणि 63 कामगार बुडून मेले. पुढे 1965 मध्ये धोरी, 1975 मध्ये चासनाला. या मोठ्या अपघातांनी देश हादरला, चौकशा झाल्या, नियम कडक झाले. कोळशाच्या खाणीत आजही मृत्यू होतात, पण तिथे मृत्यूची नोंद होते, धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचा अधिकारी येतो, नुकसानभरपाईचा अर्ज कुठे करायचा हे संघटनेला ठाऊक असते. इतकी व्यवस्था उभी राहिली, कारण तिथे माणसे एकदम मेली. गिट्टी खदानीत ती एकेक मरतात. कधी दरडीखाली, कधी क्रशरच्या पट्ट्यात हात जाऊन, आणि पुष्कळदा दहा-पंधरा वर्षांनी घरच्या खाटेवर, खोकून.

कायद्याने खदान खाणच असते. 1952 च्या खाण कायद्यात मुरूम, वाळू, इमारतीचा दगड, रस्त्याची खडी काढणाऱ्या लहान जागांना काही सूट होती; पण तिच्या अटी स्पष्ट होत्या. खोली कुठेही सहा मीटरच्या पुढे जायची नाही, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसे नकोत आणि स्फोटके वापरायची नाहीत. आपल्या काळ्या दगडाची खदान सुरुंगाशिवाय चालतच नाही. सुरुंग लावला की सूट संपली. मग परवानाधारक ब्लास्टर हवा, जबाबदार फोरमन हवा, कामावर घेताना आणि पुढे दर पाच वर्षांनी छातीच्या एक्स-रेसह वैद्यकीय तपासणी हवी. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेत सामावला गेला आणि मालकाच्या खर्चाने वार्षिक तपासणीची तरतूद आली. कागदावर गिट्टी फोडणारा माणूस असुरक्षित नाहीच. त्याच्यापर्यंत कागद पोचत नाही, एवढेच.

न पोचण्याचे कारण वाटून टाकलेल्या जबाबदारीत आहे. खदानीचा पट्टा आणि दगडाचे ब्रास, म्हणजे घनफळाची मापे, महसूल खाते आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी पाहतात. क्रशरची धूळ प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. मजुरी कामगार खात्याकडे. सुरुंगाची आणि दरडीची सुरक्षा केंद्राच्या महासंचालनालयाकडे, ज्याचे आपल्याला जवळचे कार्यालय नागपुरात. यांतल्या महसूल खात्याचा हात सर्वांत लांब आहे आणि त्याची नजर दगडावर आहे. किती दगड निघाला हे आता ईटीएस या सर्वेक्षण यंत्राने मोजतात. वाहतुकीचा परवाना महाखनिज प्रणालीवर ऑनलाइन निघतो. विनापरवाना उत्खनन सापडले तर जमीन महसूल संहितेनुसार बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो. हे सगळे योग्यच आहे, सरकारचा महसूल बुडू नये. पण निघालेला दगड इतक्या काटेकोरपणे मोजता येतो, तर तो काढणाऱ्याच्या श्वासातली धूळ वर्षातून एकदा मोजणे अशक्य कसे?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर माझी बाजू फुगवल्यासारखी होईल. आपला दगड बेसाल्ट आहे. राजस्थानच्या वालुकाश्मात किंवा गुजरातेतल्या क्वार्ट्झ कुटणाऱ्या गिरण्यांत जेवढी मोकळी सिलिका असते तेवढी बेसाल्टमध्ये नसते. त्यातली बहुतेक सिलिका इतर खनिजांत बांधलेली असते. म्हणून वऱ्हाडातल्या प्रत्येक क्रशरवर राजस्थानसारखा सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, आढळेल, असे मी म्हणणार नाही. पण सगळाच मुलूख बेसाल्टचा नाही. मोर्शी तालुक्यात सालबर्डीजवळ, गाविलगडच्या भ्रंशाच्या काठाने, बेसाल्टखालचे जुने वालुकाश्म आणि ग्रॅनाइटी खडक वर आले आहेत. शिवाय कुठलीही बारीक धूळ वर्षानुवर्षे ओढली तर दमा, जुनाट खोकला, श्वास कमी पडणे हे येतेच. आवाजाने कान जातात. फुफ्फुसाच्या तळाशी पोचणारे कण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे धूळ कमी दिसते तेव्हा ती कमी आहे असे समजणे धोक्याचे. कोणत्या खदानीत किती धोका, हे मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पहिला सरकारी रुपया या मोजण्यावर खर्च व्हायला हवा.

मोजणारी संस्था आपल्या दारातच होती. राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्था, 1990 मध्ये स्थापन झालेली, नागपूरजवळ वाडीला. म्हणजे अमरावती रस्त्यावरच. खाणींतली धूळ मोजणे, कामगारांचे एक्स-रे वाचणे, कान तपासणे हेच तिचे काम. 2015 मध्ये प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजना आली, तेव्हा तिच्या मार्गदर्शक सूचनांत या संस्थेचे नाव घेऊन सांगितले होते की खाणीतल्या आजारांच्या सोयी उभारताना तिच्या ज्ञानाचा उपयोग करावा. चार वर्षांनी, 2019 मध्ये, ती संस्था अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय झाला. विलीनीकरणामागे प्रशासनाची कारणे असतील. पण पैशाची योजना ज्या वर्षांत उभी राहत होती, त्याच वर्षांत तिला दिशा देऊ शकणारी विदर्भातली संस्था स्वतंत्र राहिली नाही. मला हे विदर्भाचे मोठे नुकसान वाटते, आणि त्याबद्दल आपल्याकडे पुरेसे बोलले गेले नाही.

खनिज क्षेत्र कल्याण योजनेचा पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडून येतो. 2015 मध्ये खाण व खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाण जिल्ह्यात असे प्रतिष्ठान आले. जुन्या पट्ट्यांच्या मोठ्या खनिजांवर रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावाने दिलेल्यांवर 10 टक्के, आणि गौण खनिजांवर राज्य ठरवेल तेवढी रक्कम त्यात जमा होते. महाराष्ट्रात ती रॉयल्टीच्या 10 टक्के आहे. म्हणून कोळशाच्या चंद्रपूरकडे भरपूर निधी येतो आणि दगड-मुरमाच्या अमरावतीकडे त्या मानाने किरकोळ. महसुलाच्या हिशोबात हे बरोबर दिसते. कामगाराच्या जिवाच्या हिशोबात ते उलटे आहे. चंद्रपूरच्या कोळसा खाणीत कंपनी सरकारी आहे, तिचा दवाखाना आहे, संघटना आहे. आपल्या खदानीत ठेकेदार आहे, मुकादम आहे, आणि मजूर कधी मेळघाटातून आलेला कोरकू, कधी सीमेपलीकडचा. ज्याला मदतीची गरज जास्त, त्याच्या जिल्ह्याचा निधी कमी.

आहे तो निधीही मजुरापर्यंत जाईल असे नाही. योजना बाधित गावे आणि बाधित लोक पाहते. 2024 च्या सुधारित सूचनांनी पिण्याचे पाणी, आरोग्य, पर्यावरण, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांचा वाटा 60 वरून 70 टक्क्यांवर नेला, हे चांगले झाले. पण खदानीत राबणारा माणूस त्या गावचा रहिवासी नसतो. तो हंगामापुरता झोपडीत राहतो आणि आजारी पडला की आपल्या गावी जातो. तिथल्या दवाखान्यात त्याच्या छातीच्या फोटोकडे पाहून क्षयाची औषधे सुरू होतात, कारण सिलिकोसिस आणि क्षय दिसायला जवळचे, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर होतो. काय काम करत होतास, हे कुणी विचारत नाही. गुजरातेतल्या क्वार्ट्झ गिरण्यांतून अलिराजपूर-झाबुआच्या आदिवासींचे हेच झाले. गिरण्या एका राज्यात, मरणे दुसऱ्या राज्यात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने पाठपुरावा केला आणि शेवटी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 238 मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचे आदेश गुजरात सरकारला दिले. तोवर ती माणसे जाऊन वर्षे लोटली होती.

राजस्थानने 2019 मध्ये वेगळी वाट धरली. सिलिकोसिसचे प्रमाणपत्र मिळालेल्याला तीन लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख आणि दरमहा निवृत्तिवेतन, असे धोरण केले. या पैशात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचाही वाटा आहे. गरिबाला हाती रोख मिळते, त्याच्या आजाराला नाव मिळते, हे फार मोठे. पण हे पैसे फुफ्फुस गेल्यावर येतात, आणि सिलिकोसिसला औषध नाही. भरपाईला मी विरोध करणार नाही. पण भरपाईला सुरक्षेचा खर्च म्हणायचे नाही, यावर मात्र अडून बसावे लागेल.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. क्रशरमालक कायदा मोडतो, पाण्याचा फवारा बसवत नाही, पट्ट्याला जाळी लावत नाही; आणि त्याला सरकारने सुधारणेसाठी पैसा द्यायचा? मग जो पदरचा खर्च करून नियम पाळतो त्याने काय पाप केले? हा आक्षेप मला पटतो. ज्याच्या धंद्यातून धोका निर्माण होतो त्यानेच तो दूर करण्याचा खर्च सोसावा, हे तत्त्व सोडून चालणार नाही. मालकाच्या खात्यात सुरक्षेच्या नावाने अनुदान जमा करायला माझा विरोध आहे.

पण लहान खदानीला एकटीला जमणार नाही असे काही असते. अमेरिकेत 2006 मध्ये सागो खाणीत 12 माणसे मेली. त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा केला आणि खाणसुरक्षेच्या शिक्षणासाठी अनुदान सुरू केले. त्याला नाव दिले ब्रुकवूड-सागो. ब्रुकवूड हे अलाबामातले गाव; तिथल्या खाणीने 2001 मध्ये 13 बळी घेतले. हा पैसा प्रशिक्षणाला जातो आणि त्यात लहान खाणींवर विशेष भर आहे. मोठ्या कंपनीकडे प्रशिक्षक असतो, दहा माणसांच्या खाणीकडे नसतो, हे ओळखून केलेली ती रचना आहे. आपल्याकडेही 1966 च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांत लहान खाणींनी मिळून एक प्रशिक्षण केंद्र चालवायची सोय आहे. सामायिक कामाला सरकारी पैसा, यंत्राला मालकाचा पैसा. अनुदानाची रेघ इथे ओढावी.

आकड्यात सांगतो. महाराष्ट्रात जुलै 2021 पासून दगडाची रॉयल्टी ब्रासमागे 600 रुपये झाली. त्यावर दहा टक्क्यांनी 60 रुपये प्रतिष्ठानाकडे जातात. त्यांतले फक्त दहा रुपये ज्याने तो दगड फोडला त्याच्यासाठी बाजूला काढावेत, एवढीच माझी मागणी आहे. दिवसाला शंभर ब्रास काढणारी खदान वर्षात अडीचशे दिवस चालली तर अडीच लाख रुपये होतात. तालुक्यातल्या सगळ्या खदानींचे मिळून एक्स-रेची फिरती गाडी, धूळ मोजणारे यंत्र, आणि सुरुंग लावणाऱ्यांचे व क्रशरवर राबणाऱ्यांचे प्रशिक्षण चालू शकेल. नवा कर नाही, नवे खाते नाही. तपासणारा डॉक्टर मात्र मालकाचा नसावा. आणि तपासणीचा कागद मजुराच्या हातात द्यावा, त्यावर कामाची जागा आणि वर्षे लिहिलेली असावीत. म्हणजे तो मेळघाटात धारणीला परतला तरी तिथल्या डॉक्टरला कळेल की ही छाती कुठे राबली आहे.

दुसरी वाट बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन हे मंडळ चालते आणि महाराष्ट्रात त्याच्या कामांच्या यादीत दगड कापणे, फोडणे व त्याचा चुरा करणे हेही आहे. केंद्राच्या मूळ कायद्यात मात्र खाण कायद्याखालचे काम बांधकाम धरलेले नव्हते, त्यामुळे खदानीतला मजूर इकडचा की तिकडचा हा घोळ कचेरीत नेहमी घातला जाऊ शकतो. नोंदणीला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आणि ठेकेदार तो देत नाही, कारण दाखला म्हणजे मजूर त्याचा असल्याचा पुरावा. नगर परिषदेने किंवा ग्रामसेवकाने स्वतः खदानीवर जाऊन दाखले द्यावेत, असा एक आदेश यातली बरीच अडचण काढेल. मंडळाकडून मिळणारी सुरक्षा संचाची पेटी, भांड्यांचा संच, हे घराला उपयोगी पडते, त्याबद्दल कुरकूर नको. पण धूळ क्रशरच्या जबड्यापाशी पाण्याने बसवायची असते. नियम यंत्रापासून तीन ते दहा मीटरवर हवेतल्या कणांची मर्यादा घनमीटरमागे 600 मायक्रोग्रॅम ठरवतो. ती मर्यादा पाळली जात नसताना उन्हाळ्यात 45 अंशांत आठ तास तोंडाला मास्क बांधून राब म्हणणे, म्हणजे मालकाचे काम मजुराच्या अंगावर ढकलणे आहे.

आणि शेंदूरजनाघाटच्या माणसाला हा प्रश्न परका वाटत असेल तर त्याने आपल्या बागेतली विहीर आठवावी. वरूड-मोर्शीचे भूजल अतिशोषित आहे. भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरपेक्षा खोल जायला मनाई आहे, तरी संत्रा वाळू लागला की कोण थांबतो? जुनी विहीर आणखी खोल करतात, तळाशी सुरुंग लावतात, आडवे बोअर मारतात, यारीने गाळ वर काढतात. स्फोटाचा धूर निघून जायच्या आत माणूस खाली उतरतो. कधी उपशासाठी इंजिनच खाली सोडतात आणि त्याच्या धुराने खालचा माणूस बेशुद्ध होतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. हे काम कोणत्याही खाणीइतके धोक्याचे आहे; पण पाणी हे खनिज नाही, म्हणून विहीर खाण नाही, म्हणून त्या कायद्यातले काहीच तिथे लागू नाही. विहीर खोदणारी माणसे, त्यांत अनेक वडार कुटुंबे, कुठल्याच सुरक्षा-खर्चाच्या रकान्यात येत नाहीत.

राज्याने 2022 मध्ये रोजगार हमीतून मिळणाऱ्या सिंचन विहिरीचे अनुदान तीन लाखांवरून चार लाखांवर नेले. अशा विहिरीच्या अंदाजपत्रकात खोदाई, बांधकाम, मजुरी यांचे दर असतात. त्यातच काठाच्या आधाराचा खर्च, खाली हवा सोडणाऱ्या पंख्याचे भाडे, कमरेच्या दोराचा पट्टा आणि उतरणाऱ्याचा विमा यांच्या चार ओळी घालाव्यात आणि त्या झाल्याचा फोटो असल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नये. हप्ते आजही खोली मोजून, फोटो काढूनच सुटतात. खाजगी विहिरीलाही हेच लावता येईल: कर्ज देणाऱ्या बँकेने आणि सोसायटीने हीच अट घातली तर बागायतदार कुरकूर करेल, पण पाळेल. सुरुंग लावणाऱ्याचा परवाना पाहिल्याशिवाय कॉम्प्रेसरवाल्याला शेतात येऊ द्यायचे नाही, हे तर उद्यापासून करता येईल, आणि त्यासाठी सरकारी पैशाची वाट पाहायचीही गरज नाही.